जमीन दळणाऱ्या चक्क्या

'पवनचक्की' म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात. एक साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचं : पांढरे उंच खांब, तीन लांब पाती. दुसरं मोबाइलच्या वॉलपेपरवरचं : संथ नदी, काठावर एकटी लाकडी चक्की, चार पाती, मागे नारिंगी आकाश. माझं भांडण या दुसऱ्या चित्राशी आहे.

चाळकेवाडीची पाती वीज तयार करतात हे आपल्याला ठाऊक असतं. वॉलपेपरवरच्या चक्कीबद्दल मात्र आपण गृहीत धरतो की आत जातं फिरत असणार आणि पीठ पडत असणार. शब्दातच 'चक्की' आहे, तर दुसरं काय वाटणार? पण सपाट, ओल्या कुरणातल्या नदीकाठच्या अशा कितीतरी चक्क्यांनी जन्मात एक दाणाही दळला नाही. त्या पंप होत्या. शेतातलं पाणी उचलायचं आणि नदीत टाकायचं, एवढंच त्यांचं काम. इंग्लंडच्या पूर्वेला, केंब्रिजच्या उत्तरेकडे पसरलेल्या 'फेन्स' नावाच्या प्रदेशात अशा शेकडो चक्क्या होत्या. आज तिथे पाणी उपसणारी जुनी लाकडी चक्की एकच उभी आहे.

बाकीच्या कशा गेल्या, याची एक ठरलेली गोष्ट आहे. वारा होता, फुकट होता, स्वच्छ होता. मग कोळसा आला, वाफेचं इंजिन आलं, आणि बिचारी चक्की हरली. ही गोष्ट ऐकायला छान आहे. तिच्यात एक निष्पाप बळी आहे, एक काळाकुट्ट खलनायक आहे, आणि हवामानबदलाच्या काळात जन्मलेल्या आपल्या पिढीला पटकन पटेल असा धडाही आहे.

मला ही गोष्ट खोटी वाटते. चक्कीला वाफेनं मारलं नाही. ज्या जमिनीवर ती उभी होती, ती जमीन चक्कीनंच वर्षानुवर्षं खाली नेली. शेवटी पाणी इतकं खाली गेलं की तिचा हात पोहोचेना. वाफ आली ती त्यानंतर, चक्कीचं अपुरं राहिलेलं काम पुढे न्यायला. म्हणून नाहीशा झालेल्या चक्कीसाठी गळा काढण्याआधी तिनं काय नाहीसं केलं, ते एकदा बघू.

नदीकाठच्या चार चक्क्या

एक ठिकाण घेऊ. ईली हे फेन्समधलं जुनं कॅथेड्रलचं गाव. त्याच्या दक्षिणेला स्ट्रेटम नावाचं खेडं आहे आणि त्याच्याजवळून 'ओल्ड वेस्ट' नावाची नदी जाते. जाते म्हणजे रेंगाळते. एके काळी ग्रेट ऊझ नदीचं पाणी याच वाटेनं ईलीकडे जायचं. सतराव्या शतकात त्या पाण्याला सरळ रेषेत खणलेला कालवा मिळाला आणि ही वळणावळणांची वाट मागे पडली. या परिसरातल्या सखल जमिनीचं पाणी पुढे चक्क्या नदीत टाकू लागल्या. १८३१ मध्ये इथल्या चार चक्क्यांच्या जागी एक वाफेचं इंजिन बसवलं गेलं. ते इंजिनघर आजही आहे. विटांची इमारत, उंच धुराडं, आत ६० अश्वशक्तीचं इंजिन आणि पाणी ढकलणारं प्रचंड चाक. लोक तिकीट काढून बघायला जातात. चक्क्यांचं तिथे काहीही नाही.

अशी चक्की चालायची कशी? आपल्याकडचा रहाट आठवा. रहाटाला पोहरे असतात, ते विहिरीत बुडतात आणि भरून वर येतात. चक्कीच्या चाकाला पोहऱ्यांऐवजी फळ्या असत. वारा पाती फिरवी, पाती उभा दांडा फिरवी, दांडा हे चाक फिरवी. चाक एका अरुंद दगडी किंवा विटांच्या खाचेत बसवलेलं असे. फळ्या शेताच्या चरातलं पाणी त्या खाचेतून वर रेटत आणि पलीकडे नदीत लोटत. नदीकडच्या तोंडाला एक दार असे. चाक थांबलं की नदीच्याच दाबानं ते बंद होई, म्हणजे लोटलेलं पाणी परत येत नसे.

साधं, हुशार यंत्र होतं. मी त्याच्या कारागिरांना कमी लेखत नाही. पण त्याला एक पक्की मर्यादा होती. फळ्यांचं चाक आपल्या व्यासाच्या थोड्याच भागाइतकं पाणी उचलू शकतं. मोठ्या चाकाचीही मजल मीटर-दीड मीटरची. त्याहून खोल गेलेलं पाणी काढायचं तर एकामागे एक चक्क्या उभ्या करायच्या : पहिलीनं दुसरीच्या पायाशी पाणी आणायचं, दुसरीनं नदीत टाकायचं. आणि वारा पडला की सगळंच बंद. पूर मात्र वाऱ्याची वाट बघत नाही.

आधी तिथे काय होतं?

वॉलपेपर आपल्याला सांगतो की चक्कीच्या आधी तिथे काहीच नव्हतं. नुसतं पाणी, चिखल, ओसाडी. जमीन घेणाऱ्यांनी नेहमीच हे सांगितलेलं आहे : इथे कुणी राहत नव्हतं, जे राहत होते ते काही करत नव्हते.

फेन्समध्ये माणसं राहत होती आणि बरंच काही करत होती. हिवाळ्यात पाणी चढायचं, उन्हाळ्यात उतरायचं. उतरलेल्या पाण्याखालून निघणाऱ्या कुरणावर गावाची गुरं चरायची. लव्हाळं आणि वेत कापून छपरं शाकारली जायची. पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाणवनस्पतींचा काळा स्पंजासारखा थर, कापून, वाळवून चुलीत जाळला जायचा. रानबदकं होती, मासे होते आणि वाम तर इतके होते की ईली या गावाचं नावच वाम माशावरून पडलं, असं जुने इतिहासकार सांगतात. अकराव्या शतकाच्या अखेरीच्या राजाच्या महसूल नोंदीत या भागातला सारा वाम माशांत मोजलेला सापडतो. ही ओसाडी नव्हती. ही गावाची सामाईक मालमत्ता होती. चराईचा हक्क, कापणीचा हक्क, मासेमारीचा हक्क, सगळं वाटून ठरलेलं.

१६३१ च्या सुरुवातीला बेडफर्डच्या चौथ्या अर्लनं आणि त्याच्याबरोबरच्या १३ भांडवलदारांनी हा प्रदेश कोरडा करून देण्याचा करार केला. मोबदला पैशांत नव्हता, जमिनीत होता : ९५,००० एकर. त्यातली १२,००० राजाला, ४०,००० बांधकामाच्या देखभालीसाठी, उरलेली पैसे घालणाऱ्यांना. या पैसे घालणाऱ्यांना त्या काळी 'ॲडव्हेंचरर' म्हणत. म्हणजे साहस करणारे. साहस कुणाच्या जमिनीवर, हे शब्दात येत नाही.

काम पाहायला हॉलंडहून कॉर्नेलियस व्हर्म्यूडेन आला. १६३७ पर्यंत सुमारे ३४ किलोमीटर लांबीचा सरळ कालवा खणून झाला. यादवी युद्धामुळे काम थांबलं, पुन्हा सुरू झालं आणि १६५१ मध्ये पहिल्या कालव्याला समांतर दुसरा, शंभर फूट रुंदीचा कालवा तयार झाला. या दुसऱ्या टप्प्यात डन्बारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश युद्धकैदी आणि नंतर डच युद्धकैदी राबवले गेले. स्थानिक लोक बांध फोडत होते, चर बुजवत होते. पुढे त्यांना 'फेनचे वाघ' असं नाव पडलं.

ऑलिव्हर क्रॉमवेल याच भागातला. १६३० च्या दशकात त्यानं सामाईक हक्कवाल्यांची बाजू घेतल्याचा बोलबाला होता, त्यावरून विरोधक त्याला 'फेन्सचा सरदार' म्हणून चिडवायचे. सत्ता हातात आल्यावर १६४९ मध्ये त्याच्याच बाजूच्या संसदेनं निचऱ्याचा कायदा पुन्हा केला आणि तो राबवणाऱ्यांच्या यादीत क्रॉमवेलही होता. आंदोलनात एक आणि सत्तेत दुसरं, ही काही फक्त आपल्याकडची खासियत नाही.

स्पंज पिळला की काय होतं?

व्हर्म्यूडेनचा हिशोब उताराचा होता. नदीला सरळ वाट द्या, पाणी जोरात धावेल, गाळ वाहून नेईल आणि शेतं आपोआप कोरडी होतील. काही वर्षं तसं झालंही. मग जमीन खचायला लागली.

पीट टिकतं ते पाण्यामुळे. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, म्हणून मेलेली वनस्पती पूर्ण कुजत नाही आणि हजारो वर्षं थरावर थर साचत जातो. पाणी काढलं की आधी तो थर पिळलेल्या स्पंजासारखा आक्रसतो. मग हवा आत शिरते आणि कुजण्याची अडलेली प्रक्रिया सुरू होते. जमिनीचा कार्बन हवेत जातो. वर उरते ती कोरडी काळी भुकटी. नांगरलेल्या शेतातून वसंतातला वारा तिचे लोट उडवतो. थोडक्यात, जमीन खचते, जमीन हवेत विरते आणि जमीन उडून जाते. तिन्ही एकाच वेळी.

नद्या मात्र खचल्या नाहीत. त्या आपल्या गाळाच्या पात्रात, बांधांमध्ये, होत्या तिथेच राहिल्या. काही दशकांतच शेतं खाली आणि नदी वर अशी उलटी परिस्थिती आली. पाणी वर कसं चढणार? तर चक्की लावून. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चक्क्या वाढू लागल्या त्या यामुळे. १७२७ मध्ये स्ट्रेटमच्या शेजारच्या हॅडनम भागासाठी संसदेनं खास कायदा केला, त्यात तिथल्या जमीनधारकांना एकत्र येऊन कर गोळा करायची आणि स्वतःची निचरा व्यवस्था उभी करायची मुभा मिळाली. त्याच धर्तीवर इतर भागांचे कायदे झाले आणि चक्क्यांचं पीक आलं.

फसलेल्या योजनेला ठिगळ म्हणून चक्की आली, ही गोष्ट वॉलपेपरात दिसत नाही. आणि ठिगळ लावताना कापड आणखी फाटत गेलं. चक्की जितकी चांगली चाले तितकं पीट कोरडं होई. पीट जितकं कोरडं, तितकी जमीन खाली. जमीन जितकी खाली, तितका उपसा जास्त. मग दुसरी चक्की, मग तिसरी. १८२० च्या सुमाराला फेन्समध्ये वाफेची इंजिनं येऊ लागली तेव्हा चक्क्या म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या, जमीन त्यांच्या आवाक्याखाली गेली होती. स्ट्रेटमच्या इंजिनानं तरी वेगळं काय केलं? त्याचंही चाक जमिनीच्या मागे धावत मोठं करावं लागलं. विसाव्या शतकात डिझेल आलं, मग वीज आली. आजही तिथले पंप चालू आहेत आणि जमीन खचतेच आहे.

याचा पुरावा बघायचा असेल तर होम फेन या ठिकाणी एक लोखंडी खांब आहे. तिथे व्हिटल्सी मिअर नावाचं, इंग्लंडच्या सखल भागातलं एक सर्वांत मोठं तळं होतं. १८५१ मध्ये, लंडनच्या भव्य प्रदर्शनात मांडलेल्या नव्या जातीच्या पंपाच्या साहाय्यानं, ते उपसून काढलं. जमीन किती खचते हे मोजण्यासाठी तिथे एक खांब पीटमधून खाली पक्क्या मातीपर्यंत ठोकला. त्याचं डोकं तेव्हा जमिनीला टेकलेलं होतं. आज ते जमिनीपासून सुमारे ४ मीटर उंचावर आहे. खांब जागचा हललेला नाही. त्याच्याभोवतीची जमीन एका मजल्याहून जास्त खाली गेली आहे आणि ब्रिटनमधली सर्वांत सखल जागा, समुद्रसपाटीच्याही जवळजवळ पावणेतीन मीटर खाली, आता तिथे आहे.

व्हिटल्सी मिअरला चक्की नव्हे, वाफेच्या पंपानं संपवलं, हे खरं. पण पीटला पाणी काढणारा हात वाऱ्याचा आहे की वाफेचा, हे कळत नाही.

'पण वारा तरी स्वच्छ होता ना?'

हा पहिला आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या पिढीचा आहे. आपण ऊर्जेकडे बघताना फक्त एकच प्रश्न विचारायला शिकलोय : ती कशातून येते? कोळशातून आली तर वाईट, वाऱ्यातून आली तर चांगली. ती कशासाठी वापरली जाते, हा प्रश्न आपण विचारतच नाही. फेन्समधली चक्की धूर सोडत नव्हती. तिनं कोरड्या केलेल्या जमिनीतून मात्र कार्बन अखंड बाहेर पडत होता. धुराडं नसलेली ही भट्टी होती, आणि तिच्यात हजारो वर्षांचं साठलेलं पीट सावकाश जळत होतं. हरित ऊर्जेवर चाललेलं काम हरित असतंच असं नाही. हे समजायला या चक्कीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

दुसरा आक्षेप : या जमिनीनं लोकांना पोसलं. पोसलं, आणि आजही पोसते आहे. इंग्लंडमधल्या सर्वांत सुपीक जमिनीचा आणि तिथे पिकणाऱ्या भाज्यांचा मोठा वाटा फेन्सचा आहे. मी हे नाकारत नाही. पण ही सुपीकता व्याजावर चाललेली नाही, मुद्दल खाऊन चाललेली आहे. ज्या काळ्या थरामुळे पीक येतं, तो थरच दर वर्षी पातळ होतो आहे. काही शेतांत नांगराला आता खालची चिकणमाती लागते. तेव्हा 'लोकांना पोसलं' म्हणताना 'किती पिढ्या?' हेही विचारायला हवं.

तिसरा आक्षेप : दलदलीत हिवताप होता. होता. फेन्समधल्या माणसांना थंडी वाजून येणारा ताप पिढ्यान्‌पिढ्या छळत होता आणि त्यावर उतारा म्हणून अफूची बोंडं उकळून प्यायची तिथली सवय सर्वश्रुत होती. दलदलीतलं जगणं मला रम्य करून सांगायचं नाही. चक्कीचं सोनेरी चित्र पुसून तिथे लव्हाळ्याचं सोनेरी चित्र लावलं, तर फसवणूक तीच. पण हिवताप घालवण्यासाठी हजारो एकरांची मालकी १४ जणांच्या टोळीकडे जायची काय गरज होती? आजार सगळ्यांचा होता, उपाय मात्र काहींच्या नावावर चढला. 'विकास हवा की दलदल?' असा प्रश्न विचारला की मधला हा व्यवहार झाकला जातो.

उलटी फिरलेली शेवटची चक्की

फेन्समध्ये उरलेली ती एकमेव जुनी लाकडी चक्की विकेन फेन या ठिकाणी आहे. तिची गोष्ट कुठल्याही वॉलपेपरहून जास्त बोलकी आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही छोटी चक्की शेजारच्या ॲडव्हेंचरर्स फेनमध्ये बांधली होती. नावातच साहसी भांडवलदार आहेत. काम नेहमीचंच : पाणी बाहेर काढणं. पुढे ती पडीक झाली. १९५६ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं ती उचलून विकेनच्या राखीव पाणथळीत आणून उभी केली. ही पाणथळ फारशी उपसली गेली नव्हती, म्हणून तिचं पीट शाबूत आहे. भोवतालची शेतं मात्र खचत गेली. परिणाम असा की एके काळची सखल दलदल आता आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच बेटासारखी दिसते आणि तिच्यातलं पाणी खाली झिरपायला बघतं. मग या चक्कीला नवं काम दिलं गेलं : पाणी आत आणायचं. पाणी काढण्यासाठी जन्मलेलं यंत्र पाणी भरायला लागलं.

ज्या दोन एकरांपासून नॅशनल ट्रस्टनं विकेनची खरेदी १८९९ मध्ये सुरू केली, ती त्यांना १० पौंडांना मिळाली होती. ही जागा वाचली ती मुख्यतः कीटक आणि वनस्पती अभ्यासणाऱ्या मंडळींच्या हट्टामुळे. तोवर उशीर झाला होता. ब्रिटनमधलं 'लार्ज कॉपर' नावाचं झळझळीत तांबूस फुलपाखरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फेन्स कोरडे होता होताच संपलं होतं. चक्कीची जुनी चित्रं आहेत, आराखडे आहेत, उद्या कुणी ठरवलं तर सुतार तशीच दुसरी चक्की बांधतील. ते फुलपाखरू कुठला सुतार बांधणार?

आता होम फेन आणि जवळच्या वुडवॉल्टन फेनला जोडणारी सुमारे ३,७०० हेक्टर जमीन पुन्हा ओली करण्याचा 'ग्रेट फेन' प्रकल्प या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. शेतं विकत घ्यायची, चर अडवायचे, पाणी थांबू द्यायचं. हे काम फोटोत फार देखणं दिसत नाही. ओलं गवत, गढूळ पाणी, थोडे पक्षी. पण जुन्या चक्कीच्या लाकडाला रंग देण्यापेक्षा मला हे वारसा जपण्याचं काम जास्त वाटतं.

पंप आपल्याकडेही आहेत

हे सगळं इंग्लंडचं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणायची सोय मुंबईनं ठेवलेली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनीच महालक्ष्मी-वरळीजवळची समुद्र आत शिरायची वाट बांध घालून बंद केली. बेटांमधली खाजणं भरली गेली आणि त्या सखल भागांवर शहर वसलं. वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या दलदलीवर उभं राहिलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा पाणी आपल्या जुन्या जागा शोधत आलं. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथे पावसाचं पाणी समुद्रात फेकणारी उदंचन केंद्रं झाली. ती गरजेचीच आहेत, भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात. पण प्रत्येक नव्या केंद्राच्या उद्घाटनात मला फेन्समधली चक्की दिसते. मुंबईची जमीन पीटची नाही, ती तशी विरून जाणार नाही. सवय मात्र तीच आहे : आधी पाण्याची जागा घ्यायची, मग पाणी काढायला यंत्र लावायचं, यंत्र आहे म्हणून आणखी जागा घ्यायची.

पाण्याशी वागायची दुसरी रीतही आपल्याच किनाऱ्यावर आहे. गोव्यातल्या खाजन शेतीत खाडीकाठी बांध घालून भातशेती केली जाते. बांधाला 'मानस' नावाचं लाकडी दार असतं. भरतीच्या दाबानं ते मिटतं, ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या दाबानं उघडतं. पंप नाही, पात्यांचं चाक नाही. कोरगूटसारखं खारं सोसणारं भात, दाराशी मासळी आणि बांधाची देखभाल गावकरीच्या सामाईक व्यवस्थेकडे. खाजनही माणसानं पाण्याकडून घेतलेली जमीन आहे. पण तिथे घेतानाच एक मर्यादा मानलेली होती : ओहोटी जितकं नेईल तितकंच पाणी काढायचं. ही व्यवस्था आज मोडकळीला आली आहे, बांध फुटताहेत, दारं सडताहेत. खाडीकाठच्या त्या साध्या दारासाठी हळहळणारे वॉलपेपर मी अजून पाहिलेले नाहीत.

नाहीशा झालेल्या चक्कीचा इतिहास लिहायला माझी हरकत नाही. तो लिहायलाच हवा. फक्त चक्की कुणी बांधली आणि किती पाती होती, एवढ्यावर थांबू नका. तिनं किती जमीन कोरडी केली, ती आधी कुणाची होती, नंतर कुणाची झाली आणि आज ती किती खाली आहे, हेही लिहा. स्ट्रेटमच्या नदीकाठी कधी त्या चार चक्क्यांची आठवण म्हणून पाटी लागलीच, तर तिच्यावर चक्कीच्या चित्राशेजारी होम फेनचा तो खांब काढावा, आणि १८५१ मध्ये जमीन कुठे होती तिथे एक रेघ मारावी.